जुना कॅनिस्टर व्हॅक्यूम: ओळखायचा कसा, चालू करायचा कसा

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचं पहिलं भाड्याचं घर बहुतेक वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेटचं असतं. तिथे केरसुणीचा उपयोग नसतो. मग घाईघाईने एखादा हलका, स्वस्त, उभा व्हॅक्यूम घरात येतो आणि थोड्याच दिवसांत त्याचं प्लॅस्टिक तडकतं नाहीतर ओढ कमी होते. त्याच वेळी जवळच्या गुडविलमध्ये (जुन्या वस्तूंच्या दुकानात) किंवा शनिवारच्या गराज सेलमध्ये जुने, दणकट कॅनिस्टर व्हॅक्यूम अगदी कमी पैशांत मिळत असतात. ‘चालत नाही’ अशी चिठ्ठी लावलेल्या मशीनचीही मोटर अनेकदा उत्तम असते. ब्रश फिरत नाही, एवढ्यावरून मालकाने ते टाकलेलं असतं.

मी हौसेने ही मशीनं उघडतो आणि ओळखीच्यांना दुरुस्त करून देतो. नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा दुरुस्तीआधीच झालेला दिसतो. मशीन नक्की कोणतं ते न ओळखताच बेल्ट, पिशव्या, होज मागवले जातात आणि ते बसत नाहीत. म्हणून या लेखाचा मोठा भाग ओळखण्यावर आहे. मशीन नीट ओळखलं की पुढचं काम बहुतेक स्क्रू-ड्रायव्हर आणि कात्रीचं राहतं.

आधी रचना समजून घ्या. कॅनिस्टर म्हणजे चाकांवर किंवा पट्ट्यांवर जमिनीवरून ओढायचा डबा. धूळ ओढणारी मोठी मोटर आणि पिशवी त्याच्यात असते. डब्याला लवचीक होज, होजच्या टोकाला मूठ, मुठीला दोन तुकड्यांचा दांडा आणि दांड्याच्या शेवटी कार्पेटवर फिरणारं पॉवर नॉझल. या नॉझलमध्ये स्वतःची छोटी मोटर असते. ती बेल्टने ब्रशचा रोलर फिरवते आणि तो रोलर कार्पेटच्या मुळाशी बसलेली माती झोडपून वर काढतो. या छोट्या मोटरला लागणारी वीज डब्यातून होजमधल्या तारांनी, मग दांड्यातून खाली येते. म्हणजे तुमच्या हातातल्या होजमध्ये १२० व्होल्ट खेळत असतात. दुरुस्तीची पद्धत आणि काळजी दोन्ही यावरून ठरतात.

लागणारं सामान

- चौफुलीचा आणि चपटा स्क्रू-ड्रायव्हर. युरोपियन मशीन असेल तर टॉर्क्सचा, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकांचा संच.
- साधा मल्टिमीटर, म्हणजे तार सलग आहे का ते तपासायचा मीटर, बीप देणारा.
- छोटी कात्री आणि शिवणकामात टाके उसवायला वापरतात ती उसवणी. रोलरवरचे केस कापायला तिच्याइतकं चांगलं हत्यार नाही.
- टोकदार पक्कड, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक सँडपेपर.
- एन-९५ मास्क आणि हातमोजे. दुसऱ्याच्या घरातली अनेक वर्षांची धूळ आहे, उघड्या तोंडाने पिशवी काढू नका.
- फोनचा कॅमेरा. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी एक फोटो.

१. आधी पाटी शोधा

डब्याच्या वर मोठ्या अक्षरांत जे नाव लिहिलेलं असतं, ते विक्रीचं नाव. केनमोरवर ‘व्हिस्परटोन’ किंवा ‘प्रोग्रेसिव्ह’ असं लिहिलेलं असतं, पण त्या एका नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळी मशीनं विकली गेली. त्या नावावर पार्ट मागवू नका. खरी ओळख असते मॉडेल नंबरच्या पाटीवर. डबा उलटा करून पाहा, मागच्या चाकांमध्ये पाहा, पिशवीचं झाकण उघडून आत पाहा. स्टिकर मळलेलं असेल तर ओल्या फडक्याने हळू पुसा. अल्कोहोल लावू नका, छपाई निघून जाते.

आता नवख्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट: पॉवर नॉझलची पाटी वेगळी असते. ती नॉझलच्या पोटावर असते. सेकंडहँड मशीनमध्ये डबा एका मॉडेलचा आणि नॉझल दुसऱ्याच मॉडेलचं असं सर्रास होतं, कारण आधीच्या मालकाने कधीतरी जोडी बदललेली असते. बेल्ट आणि रोलर नॉझलच्या नंबरवरून घ्यायचे, पिशवी आणि फिल्टर डब्याच्या नंबरवरून. दोन्ही पाट्यांचे फोटो काढून ठेवा.

पाटीवर अँपिअरचा आकडाही असतो. डब्यावर ‘पीक हॉर्सपॉवर’ कितीही लिहिलेलं असो, भिंतीतून प्रत्यक्ष किती वीज घेतली जाते ते अँपिअर सांगतात. १२ अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे १४४० वॉट. घराच्या साध्या सर्किटचा ब्रेकर बहुधा १५ अँपिअरचा असतो. त्यामुळे त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह चालू असताना व्हॅक्यूम लावला आणि ब्रेकर पडला, तर मशीनला दोष देऊ नका.

२. घराणं ओळखा

*केनमोर.* सेकंडहँड बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं हेच, आणि नवख्याने सुरुवात करावी तीही याच्यापासून. केनमोर हा सिअर्स या दुकानांच्या साखळीचा ब्रँड. सिअर्स स्वतः मशीन बनवत नसे, दुसऱ्याकडून बनवून घेई. मॉडेल नंबरमध्ये टिंबाच्या आधीचे तीन आकडे बनवणारा सांगतात. जुन्या कॅनिस्टरवर बहुतेक वेळा ११६ दिसेल. ही मशीनं आधी व्हर्लपूलने आणि पुढे पॅनासॉनिकने बनवली. म्हणूनच केनमोरची ‘सी’ पिशवी आणि पॅनासॉनिकची ‘सी-५’ पिशवी एकमेकींच्या जागी चालतात. सिअर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि दुकानं भराभर बंद झाली, पण या मशीनच्या पिशव्या आणि बेल्ट अजून सहज मिळतात. नॉझलवर ‘पॉवर-मेट’ लिहिलेलं असतं.

*इलेक्ट्रोलक्स, म्हणजे आताचं एरस.* इथे फार गफलत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लांबट नळकांड्यासारखा डबा, खाली चाकांऐवजी घसरपट्ट्या, हे या घराण्याचं जुनं रूप. १९३७ चं ‘मॉडेल ३०’ लुरेल गिल्ड या डिझायनरने घडवलं. पाटीवर ते रोमन अंकांत ‘एक्सएक्सएक्स’ असं लिहिलेलं असतं. पुढे ‘१२०५’, ‘सुपर जे’, ‘ऑलिम्पिया वन’, ‘डायमंड ज्युबिली’ अशी बरीच मॉडेलं आली. ही अमेरिकन इलेक्ट्रोलक्स मूळच्या स्वीडिश कंपनीपासून वेगळी झाली होती. २००० नंतर ते नाव अमेरिकेतही स्वीडिश कंपनीकडे परत गेलं आणि अमेरिकन कंपनी ‘एरस’ या नावाने चालू राहिली. परिणाम असा, की १९८० च्या दशकातला इलेक्ट्रोलक्स आणि २०१० नंतरचा इलेक्ट्रोलक्स यांचा एकही पार्ट एकमेकांना लागत नाही. जुन्याला ‘स्टाइल सी’ पिशवी, नव्याला ‘एस-बॅग’. त्यातही केनमोरची ‘सी’ आणि इलेक्ट्रोलक्सची ‘सी’ या दोन पूर्ण वेगळ्या पिशव्या आहेत. पाकिटावर नुसतं ‘सी’ पाहून पैसे देऊ नका, ब्रँड वाचा. या घराण्याच्या नॉझलांना ‘पीएन’ आणि पुढे आकडा अशी नावं आहेत. तो आकडा सांगितला की दुकानदार नेमका बेल्ट देतो.

*युरेका.* हे नाव आपल्याला युरेका फोर्ब्जमुळे ओळखीचं. भारतात १९८० च्या दशकात घरोघरी येणारे व्हॅक्यूमचे सेल्समन याच नावाने यायचे, आणि त्या भारतीय कंपनीच्या उभारणीत स्वीडिश इलेक्ट्रोलक्सची भागीदारी होती. अमेरिकेतली युरेका ही १९०९ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेली कंपनी. १९७४ मध्ये तीही स्वीडिश इलेक्ट्रोलक्सने घेतली. नावावरून भारतातले पार्ट मात्र इथे लावायला जाऊ नका.

*मीला.* जर्मन मशीन, आवाज कमी, पार्ट महाग. पिशव्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत: ‘एफजेएम’ची कॉलर (पिशवीच्या तोंडाची कडक चौकट) लाल, ‘जीएन’ची निळी. आतल्या खाचेत आधीची कॉलर असेल तर तिचा रंग बघितला की काम झालं. पॉवर नॉझलचं नाव ‘एसईबी’ने सुरू होतं.

*रेनबो.* याला पिशवीच नसते, खाली पाण्याचं भांडं असतं. चांगलं मशीन आहे, पण भांड्यात पाणी तसंच ठेवण्याची सवय असलेल्या घरातून आलं असेल तर आतला कुबट वास जाता जात नाही. विकत घेण्याआधी भांडं काढून हुंगा.

३. नॉझलला वीज कुठून येते ते बघा

मशीन कुठलंही असो, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रकार तीन आहेत.

पहिला, दांड्याच्या बाहेरून जाणारी वायर. मुठीपाशी छोटा प्लग, तिथून दांड्याला क्लिपांनी लावलेली वायर थेट नॉझलपर्यंत. दुरुस्तीला सगळ्यात सोपा, कारण सगळं डोळ्यांसमोर.

दुसरा, दांड्याच्या आतून जाणाऱ्या तारा. दांडा मुठीत खटकन बसला की आतल्या पिना आपोआप जोडल्या जातात. दिसायला सुबक, पण या पिना मळतात, वाकतात, आत दबतात.

तिसऱ्यात वायरच नसते. तिथे ब्रश हवेच्या ओढीने फिरतो, नॉझलमध्ये मोटर नसते, फक्त पंख्यासारखं चक्र असतं. याला टर्बो नॉझल म्हणतात. त्याचा ब्रश थांबला तर विजेचा प्रश्नच नसतो, ओढ कमी झालेली असते किंवा चक्रात काहीतरी अडकलेलं असतं.

४. विकत घेण्याआधी दुकानातच काय बघायचं

बहुतेक थ्रिफ्ट दुकानांत मशीन लावून बघायला प्लग असतो. तो मागा. प्लग लावण्याआधी वायर हातातून सगळी सरकवून बघा. रबराला चिरा असतील, तांबं दिसत असेल किंवा प्लगची पिन काळी पडलेली असेल, तर चालू करू नका.

चालू केल्यावर डब्याच्या मोटरचा आवाज ऐका. एकसारखा घोंगावणारा आवाज चांगला. किंचाळल्यासारखी शिट्टी येत असेल तर बेअरिंग गेलंय. जळकट वास येत असेल तर ते मशीन तिथेच ठेवा. होजचं तोंड तळहाताने बंद करा, आवाज चढायला हवा. चढला तर झाकणाचं रबर आणि होज ठीक आहेत असं धरायला हरकत नाही.

नॉझलचा ब्रश फिरत नसेल तर बिचकू नका, उलट त्यावर भाव कमी करून मागा. पण होज सोबत आहे ना, आणि तो त्याच मशीनचा आहे ना, हे आधी बघा. वीज वाहणारा होज हा बहुतेक वेळा सगळ्यात महाग पार्ट असतो. होजशिवायचं मशीन फुकट मिळालं तरी परवडत नाही.

५. घरी आणल्यावर: आधी सफाई

प्लग काढा. पुढचं सगळं काम प्लग काढूनच करायचं आहे.

जुनी पिशवी हातमोजे घालून, घराबाहेर काढा. डब्याचा आतला भाग ओल्या फडक्याने पुसून वाळवा. मोटरच्या आधी एक फिल्टर असतो, स्पंजचा किंवा कापडी. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण, म्हणजे अगदी एक दिवसभर, वाळवा. ओला फिल्टर लावला की पाणी थेट मोटरमध्ये जातं. हवा बाहेर जाते तिथला हेपा फिल्टर घडी घातलेल्या कागदासारखा असतो. तो धुण्याचा असल्याचं त्याच्यावर लिहिलेलं नसेल तर धुऊ नका, बदला.

इथे आपल्या घरांसाठी एक खास सूचना. रांगोळी व्हॅक्यूमने उचलू नका. दिवाळीनंतर हे हमखास होतं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती पिशवीच्या कागदाची छिद्रं बुजवते, पिशवी अर्धी रिकामी असतानाच ओढ संपते आणि बारीक कण मोटरपर्यंत पोचले तर बेअरिंग खातात. सांडलेलं पीठ आणि हळद-कुंकवाचंही तेच. आधी ओल्या कागदाने टिपून घ्या.

६. ओढ कमी आहे

या क्रमाने जा, उडी मारू नका: पिशवी, फिल्टर, होज, झाकणाचं रबर, नॉझलची मान.

होज तुंबलाय का हे बघायला तो दोन्ही हातांनी उभा धरा आणि एका तोंडातून एक नाणं सोडा. दुसऱ्या तोंडातून खाली पडलं तर होज मोकळा. नाणं अडकलं तर झाडूचा बोथट दांडा हळू सरकवा. वीज वाहणाऱ्या होजमध्ये तार किंवा हँगर घालू नका, आतल्या तारांचं आवरण सोलवटतं.

जुन्या इलेक्ट्रोलक्सचा होज विणलेल्या कापडाचा असेल तर तो मोकळा असूनही ओढ कमी असू शकते, कारण कापडच हवा सोडतं. होज लावून, त्याचं तोंड बंद करून कान फिरवा, फुसफुस ऐकू येते. अशा होजला टेप गुंडाळून फार दिवस निभत नाही, तो बदलावाच लागतो.

मशीन चालता चालता एकदम बंद पडलं आणि काही वेळाने आपोआप चालू झालं, तर मोटरचा उष्णता-कटआउट काम करतोय. तो पार्ट बिघडलेला नाही, हवा कोंडल्यामुळे मोटर तापते आहे. वरच्या यादीत परत जा.

७. ब्रश फिरत नाही

‘चालत नाही’ अशा चिठ्ठीची मशीनं बहुतेक याच दुखण्याची असतात. आधी कान लावा. नॉझलच्या मोटरचा गुणगुणता आवाज येतोय पण रोलर स्थिर आहे, म्हणजे बेल्ट तुटलाय किंवा घसरतोय. आवाजच नाही, म्हणजे वीज पोचत नाही किंवा नॉझलने स्वतःला बंद केलंय.

आवाज नसेल तर आधी तीन फुकटचे उपाय. मुठीवरचं बटण ‘कार्पेट’वर आहे का? ‘बेअर फ्लोअर’वर असेल तर ब्रश मुद्दाम बंद ठेवलेला असतो. दुसरं, दांडा सरळ उभा खटक्यात अडकलेला आहे का? काही मॉडेलांत त्या स्थितीत ब्रश थांबतो, पायाने खटका सोडून दांडा तिरका करावा लागतो. तिसरं, नॉझलवर एक छोटं रिसेट बटण असतं, बरेचदा लाल. रोलर अडकला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचवते. प्लग काढा, अडकलेलं काढा, थोडा वेळ थांबा, बटण दाबा.

आता नॉझल उघडू या. दांडा काढून घ्या, नॉझल जुन्या वर्तमानपत्रावर उलटं ठेवा. स्क्रू काढा आणि कुठला स्क्रू कुठून निघाला ते कागदावर लिहा, कारण लांबी सारखी नसते. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरचं कवच फुटतं. सगळे स्क्रू निघूनही कवच सुटत नसेल तर जोर लावू नका. पुढच्या कडेला प्लॅस्टिकचे खटके असतात, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेक करून सोडवा.

कवच निघालं की रोलर दिसेल, आणि बहुतेक वेळा त्याच्यावर केसांचं घट्ट वेटोळं. लांब केसांच्या घरात हे फार लवकर होतं. उसवणी रोलरच्या लांबीने सरकवत केस कापा आणि पकडीने ओढून काढा. खरा त्रास मधल्या केसांचा नसतो, दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली शिरलेल्या केसांचा असतो. टोपी ओढून काढा. आत बेअरिंगभोवती केस इतके घट्ट आवळलेले असतात की घर्षणाने तापून टोपीचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसतं, कडेला तपकिरी, चकचकीत कडा आलेली असते. तेवढं झालं असेल तर रोलर बदला. झालं नसेल तर केस काढा, टोक बोटांत धरून रोलर फिरवा. तो न अडखळता फिरायला हवा. खरखर लागली तर बेअरिंग संपत आलंय.

रोलरचे केसतंतू किती उरलेत हेही आत्ताच बघा. नॉझलच्या तळाला एक सपाट पट्टी आडवी धरा. तंतू तिला लागत नसतील तर ब्रश फिरूनही कार्पेटला स्पर्श करणार नाही. मग नवा बेल्ट घालून काही होत नाही.

बेल्ट दोन प्रकारचे असतात. साधा गुळगुळीत रबरी बेल्ट रोलर अडकला की घसरतो आणि जळक्या रबराचा वास सोडतो. दातेरी बेल्ट घसरत नाही, त्यामुळे सगळा भार मोटरवर जातो आणि रिसेट बटण उडतं. म्हणून दातेरी बेल्टच्या नॉझलमध्ये रिसेट बटण परत परत उडत असेल, तर बटण बदलू नका, रोलर सोडवा.

नवा बेल्ट नंबर जुळवूनच घ्या. केनमोरच्या पॉवर-मेटसाठी ‘सीबी-१’ आणि ‘सीबी-३’ असे दोन प्रचलित बेल्ट आहेत. हातात धरले तर फार फरक वाटत नाही, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जुन्या साठ्यातला कडक झालेला बेल्टही घेऊ नका, वाकवून बघा, बारीक चिरा दिसतात.

बेल्ट आधी मोटरच्या छोट्या पुलीवर घाला, मग रोलरच्या मधल्या खाचेत, आणि शेवटी रोलरची टोकं त्यांच्या जागी दाबा. टोप्यांना एक सपाट बाजू असते, ती खाचेशी जुळली नाही तर कवच बसत नाही. बंद करण्याआधी रोलर हाताने पाच-सहा वेळा फिरवा. बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर रोलर तिरका बसलाय. नवा बेल्टही लगेच तुटला तर तिसरा आणू नका, आधी कारण शोधा.

८. बेल्ट ठीक, तरी नॉझल गप्प: तारेचा माग

इथे मल्टिमीटर लागतो. तो बीपवर ठेवा, प्लग काढलेला असल्याची खात्री करा आणि साखळी तुकड्या-तुकड्यांनी तपासा. चालू विजेवर व्होल्ट मोजत बसू नका, बीपवर सगळं कळतं.

होज डब्यापासून आणि दांड्यापासून सोडवा. मीटरची एक काडी होजच्या डब्याकडच्या पिनेवर, दुसरी मुठीकडच्या जोडीदार पिनेवर. मुठीत बटण असेल तर ते ‘कार्पेट’वर हवं. बीप आला तर तशीच काडी धरून होज वाकवा, पिळा, हलवा, विशेषतः मुठीजवळचा पहिला वीतभर भाग. बीप तुटक झाला तर आतली तार तिथेच तुटली आहे. होज रोज तिथेच वाकतो, म्हणून तार तिथेच तुटते. दोन्ही तारांसाठी हेच करा. मग दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत का तेही बघा: मुठीचं टोक मोकळं असताना दोन पिनांमध्ये बीप यायला नको. आला तर तो होज वापरायचा नाही.

तुटलेली तार होजच्या बाहेरून जोडून टेप लावणं, हे कृपा करून करू नका. रोज हातात धरायची वस्तू आहे आणि आत १२० व्होल्ट आहेत. नवा होज घ्या, नाहीतर दुकानात मुठीकडचं टोक कापून परत बसवून मिळतं का विचारा.

होज ठीक असेल तर दांडा तसाच तपासा. इथे दोष बहुधा पिनांचा असतो. काळ्या पडलेल्या पिना अल्कोहोल लावलेल्या टूथब्रशने घासा, आत दबलेली पिन पकडीने हलकेच सरळ करा.

शेवटी नॉझल. त्याच्या दोन पिनांवर काड्या ठेवून ओहम मोजा. काही आकडा आला तर मोटरपर्यंत रस्ता आहे. काहीच आलं नाही तर आतले जोड, रिसेट आणि कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) बघा. एक सावधगिरी: काही नॉझलांत डीसी मोटर आणि तिच्या आधी रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा पार्ट, असतो. तिथे मीटरने काही दाखवलं नाही म्हणून मोटर गेली असं समजू नका. मीटर थेट मोटरच्या टोकांवर लावा.

९. मोटर, कार्बन आणि कुठे थांबायचं

डब्याची मोटर आपल्या मिक्सरच्याच जातीची आहे. आत दोन कार्बन असतात, ते झिजतात. मोटर अडखळत चालते, थापटल्यावर चालू होते, मोठ्या ठिणग्या पडतात, ही कार्बन संपल्याची लक्षणं. कार्बन पाव इंचाच्या खाली गेले असतील तर दोन्ही एकदम बदला. ते ज्या तांब्याच्या गोल भागावर घासतात तो काळा पडला असेल तर बारीक सँडपेपरने पुसून घ्या. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि फटींत अडकतात. नवे कार्बन घातल्यावर मशीन काही मिनिटं होज आणि नॉझलशिवाय मोकळं चालवा. सुरुवातीची थोडी निळी ठिणगी नेहमीची आहे. गोलभर ज्वालेसारखं कडं दिसलं तर लगेच बंद करा.

दोन गोष्टी नवख्याने उघडू नयेत. एक, वायर आपोआप गुंडाळणारी चकती. आत ताणलेली पोलादी स्प्रिंग असते, ती उसळली तर हात कापते. वायर हलवल्यावर मशीन बंद-चालू होत असेल तर दोष त्या चकतीत असू शकतो, पण ते काम दुकानात द्या. दुसरी, मोटरच्या पंख्याचं पत्र्याचं आवरण. ते दाबून बसवलेलं असतं, घरी काढलं तर परत नीट बसत नाही. बेअरिंग गेलं असेल तर मोटरच बदलणं सोपं पडतं.

अमेरिकेत बऱ्याच गावांत शिलाई मशीन आणि व्हॅक्यूम या दोन्हींची मिळून एकच दुकानं असतात. अशा दुकानाची ओळख करून घ्या. तिथले जुने कारागीर नॉझल हातात घेऊन बेल्टचा नंबर सांगतात, आणि मागच्या खोलीत त्यांच्याकडे मोडलेल्या मशीनचे पार्ट पडलेले असतात. नॉझल आणि दोन्ही पाट्यांचे फोटो घेऊन जा.

१०. भारतात परत जाताना

हे मशीन कंटेनरमध्ये भरू नका. पाटीवर १२० व्होल्ट लिहिलंय, पुण्या-मुंबईच्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. थेट लावलं तर काही सेकंदांत मोटर जळते. साधा प्लग बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. इतक्या अँपिअरला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो २००० वॉटचा, जड आणि महाग हवा. शिवाय तिकडे घरात फरशी असते, पॉवर नॉझलचं मुख्य काम, कार्पेट झोडपणं, तिथे उरतच नाही.

इमारतीत नवीन आलेल्या एखाद्या कुटुंबाला ते देऊन टाका. देताना झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने एक चिठ्ठी लावा: पिशवीचा ब्रँड आणि प्रकार, बेल्टचा नंबर, डब्याचा आणि नॉझलचा मॉडेल नंबर, आणि बेल्ट शेवटचा कधी बदलला तो महिना.